अंबूकाकू बाजूला बसली

अन्याय झाला तो माझ्या अंबूकाकूवर. कधी झाला तेही सांगते, कारण वेळ सांगितली नाही की लोक अन्यायाला नशीब म्हणायला लागतात. ज्येष्ठागौरींच्या जेवणाचा दिवस. पानं वाढून झाली होती, उदबत्त्या लागल्या होत्या, पुरुषमंडळींनी पानाभोवती पाणी फिरवलं होतं आणि पहिला घास अजून तोंडात जायचा होता, त्या क्षणी. भाऊकाका, म्हणजे काकूचे यजमान, पाटावर बसले होते. शेजारी माझे वडील नाना. आणि मधल्या, सगळ्यात मोठ्या रांगोळीच्या पानावर भोपाळहून आलेले एक साहेब. काकू कढी वाढायला वाकली, पळी भरली, नेम धरला आणि कढी द्रोणाऐवजी साहेबांच्या मांडीवर वाढली. साहेब बसल्या जागेवरून हातभर उडाले. "अरे मर गया!" हे त्या दिवशी पंगतीत उच्चारलं गेलेलं पहिलं वाक्य. दुसरं भाऊकाकांचं, माजघरातल्या बायकांनाही ऐकू जाईल असं: "डोळे फुटलेत का तुझे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. डोळे खरोखरच फुटत चालले होते. अन्याय असा, की हा प्रश्न विचारणारा माणूस त्या डोळ्यांसमोरच्या चुलीपाशी आयुष्यात एकदाही बसलेला नव्हता. काकू पदराने साहेबांचं धोतर पुसायला गेली, साहेब आणखी मागे सरकले, आणि ती कढीचं पातेलं घेऊन आत गेली. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि मला इतका राग आला की मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. रागावले की मला भूक लागते. चळवळीत ही मोठी अडचण आहे, उपोषणाला मी कधी उपयोगी पडले नाही.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता आणि भाऊकाकांच्या मते तो केवळ त्यांना त्रास द्यायला झाला होता. आमच्या घराण्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या दरबारच्या नोकरीत. खापरपणजोबा घोड्यावर, पणजोबा घोड्यांच्या हिशोबावर, आणि भाऊकाका खुर्चीवर, असा आमचा इतिहास. आधी, मध्य भारत असताना, निदान उन्हाळ्यात तरी राजधानी इंदूरला असायची. आता ती कायमची भोपाळला गेली, आणि काकांचं खातंही जाणार अशी आवई उठली होती. म्हणून ते साहेब जेवायला. दूध नासलं तरी काका म्हणायचे, "अजून काय होणार? अपनी राजधानीच उचलून नेली त्यांनी." नाना मिलच्या ऑफिसात कारकून. स्वभावाने इतके गरीब की मिलचा भोंगा वाजला तरी 'हो जी' म्हणतील. माझी आई मी लहान असतानाच गेली, मला काकूनेच वाढवलं. काकूला स्वतःचं मूल नव्हतं. तिला मी होते, आणि चूल होती. दोघींनी तिला सारखंच रडवलं असं ती म्हणायची.

स्वयंपाकघर मागच्या अंगाला. एक हातभर खिडकी, तीही पडवीत उघडणारी, वर कौलं, आणि कोपऱ्यात चूल आणि तिला जोडून वैल. त्या खोलीचा रंग कोणता होता हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या जन्माआधीच तो काळा झाला होता. वाशांवरून काजळीच्या जाळ्या लोंबायच्या. सकाळी मला जाग यायची ती फुंकणीच्या आवाजाने. आधी एक लांब फूऽऽ, मग खोकला, मग पुन्हा फूऽऽ, मग लाकडाला उद्देशून मालवीत एक शिवी. काकू देवाशी संस्कृतात, आमच्याशी मराठीत, भाजीवालीशी हिंदीत आणि ओल्या लाकडाशी मालवीत बोलायची. पण त्या काळोखातून जे बाहेर यायचं ते काय सांगू! ज्वारीची भाकरी फुगली की तिचा टम्म आवाज, वरणावरच्या हिंगाच्या फोडणीची चर्र, थंडीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोल बाफले आणि ते तुपात बुडवताना सुटणारा वास. आम्ही बाहेर बसून वा वा करायचो. आत ती डोळ्याला पदर लावून पुढचा बाफला राखेतून चाचपडत काढायची. हो, चाचपडत. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती ते डोळ्यांनी करतच नव्हती.

आता माझ्याबद्दल. मी शाळेतल्या एका बाईंच्या नादाने महिला मंडळात जायला लागले होते, आणि मंडळात माझं काम होतं पत्रकं लिहिणं. लहान वाक्यं, मोठे प्रश्न, शेवटी मागणी, असं बाई शिकवायच्या. "विशेषणं घालू नकोस मंदा, कागद महाग आहे." मी हुंड्यावर लिहिलं, बाजूला बसण्याच्या चालीवर लिहिलं, नळाच्या पाण्यावर लिहिलं. मग मंडळात कुणीतरी बिनधुराच्या चुलीची माहिती आणली. चूल मातीचीच, पण तोंड बंदिस्त, आत धुराला वाट, आणि मागून एक नळकांडं छपराबाहेर. माझं डोकंच फिरलं. एवढंसं नळकांडं! आणि ते लावायचं सोडून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बायका धुरात वाळवतोय, मिरच्या वाळवाव्यात तशा! मी पत्रक लिहिलं: 'धूर कुणाच्या घरचा? डोळे कुणाचे?' ते छापलं आणि गल्लीगल्लीत वाटलं. आठ दिवसांनी भाऊकाकांनी सराफ्यातल्या खाऊच्या दुकानातून सेव आणली ती त्याच पत्रकाच्या पुडीतून. तेलाने कागद पारदर्शक झाला होता. काकांनी सेव संपवली, पुडी उलगडली, नाकावर चष्मा चढवून वाचली आणि म्हणाले, "कोण मूर्ख लिहितं हे?" नाना म्हणाले, "आपली मंदा." काका म्हणाले, "तरीच. सेव मात्र ताजी होती."

तरी गौरीच्या जेवणानंतर मी काकांपुढे उभी राहिलेच. समोरासमोर मागणी करायची, असं बाईंनी शिकवलं होतं.

"काका, स्वयंपाकघराला नळकांडं बसवा."

"म्हणजे छपराला भोक पाडू?"

"हओ."

"चांगल्या घराला भोक? अगं, लक्ष्मी बाहेर जाते त्यातून."

"धूर जातो. लक्ष्मी दारातनं जाते, भोपाळच्या साहेबांच्या मागे."

नानांना ठसका लागला. काकांनी दुर्लक्ष केलं. "आणि स्वयंपाकाची चव? ती धुरानेच येते. आमच्या आईने जन्मभर हीच चूल फुंकली."

"आणि शेवटी तिला दिसत होतं का?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आजी शेवटची कितीतरी वर्षं भिंत धरून चालायची. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वय झालं की होतं तसं. जा, अभ्यास कर."

स्टोव्हचं नाव काढायचीही सोय नव्हती. रॉकेलवर शिजलेलं काकांच्या देवांना चालत नसे. देवांना कुणी विचारलं होतं ते मला माहीत नाही.

मग मी काकूला घेऊन तुकोगंजला गेले. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, जाड भिंगांच्या, घाईच्या आणि तोंडाने फटकळ. त्यांनी काकूच्या पापण्या उलट्या केल्या, दिवा मारला, आणि हिंदी-मराठीची खिचडी करून बोलायला लागल्या. "चूल्हा? कितने साल? हे बघा बाई, जे गेलं ते गेलं. ते मी परत आणू शकत नाही. जे उरलंय ते ठेवायचं असेल तर धूर बंद. नाहीतर थोड्या वर्षांत हात धरून चालावं लागेल. समझीं?" काकूने मान हलवली. "डोळ्यांना कधी बरं वाटतं का? कोई दिन?" काकू लाजली, माझ्याकडे बघितलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या कानाशी जाऊन कुजबुजली. पूर्वी वाटायचं, महिन्यातले ते चार दिवस. बाजूला बसलं की चौथ्या दिवसापर्यंत लाली जायची, सुईत दोराही ओवता यायचा. पण आता ते दिवसही संपले, वरीस झालं, मग आता विसावा नाहीच. डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "तो फिर आप बारहों महीने बाजूला बसा! यही दवाई है." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीच्या टांग्यात काकू बोटांची पेरं मोजत बसली. मला वाटलं घाबरली. मी तिचा हात धरून धीर द्यायला लागले, की मी नवं पत्रक लिहिते, आपण सभा घेऊ, सह्या गोळा करू. राजवाड्यापाशी टांगा अडला तेव्हा ती म्हणाली, "मंदे, पितृपक्ष कधी लागतो गं?"

"लागलाच की. का?"

"तुझ्या आजोबांची तिथी येईल ना आता." टांगा पुन्हा हलला. मग, "इंदूरात या पंधरवड्यात एक तरी स्वयंपाकीण मोकळी मिळते का?"

"नाही. सगळ्या बांधलेल्या असतात."

"तेच म्हणते," काकू म्हणाली आणि पदर सावरून बसली.

जे लोक बाजूला बसण्याची चाल विसरले आहेत त्यांच्यासाठी सांगते, कारण विसरणं चांगलं असलं तरी माहीत असणं जास्त चांगलं. ते चार दिवस बाईने कशाला शिवायचं नाही. स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, पडवीत घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा चूल. त्याबद्दल पुरुषांशी बोलायचं नाही आणि पुरुषांनी विचारायचं नाही. 'अडचण' एवढा एकच शब्द होता आणि तोही भिंतीकडे बघून उच्चारायचा. मी आदल्या वर्षी भर ओसरीवर जाहीर केलं होतं की मी बाजूला बसणार नाही. तेव्हापासून माझ्या हातची पोळी काका महिन्याचे सगळे दिवस संशयानेच खायचे, कारण नेमके दिवस कोणते हे त्यांना विचारता येत नव्हतं. काकूचं बसणं थांबलंय हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ताटात पोळी पडतेय तोवर ती कुणाच्या हातून पडली याची चौकशी आमच्या घरात कधीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकणीचा आवाज आला नाही. मी उठून बघते तर काकू पडवीत घोंगडीवर बसलेली, पाय पसरून, वेगळा तांब्या शेजारी. मी खाली बसले. "काकू, हे काय?"

"बाजूला बसले."

"पण तुझं तर..."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तू होतीस ना तिथे? मी काय खोटं करतेय?" आणि घोंगडीवर हात थोपटून म्हणाली, "ये. तूही बस."

"मी? मी बसणार नाही असं मी जगाला सांगितलंय! पत्रक काढलंय मी! 'कोपऱ्यातली कैद' म्हणून!"

"मंदे, तू नाही बसलीस तर चूल तुझ्या गळ्यात पडेल. आणि तुझे डोळे मला माझ्यापेक्षा जास्त लागतात." मग ती जे म्हणाली ते मी अजून विसरलेले नाही. "तुला तो कोपरा मोडायचाय ना? मोड. पण इतकी वर्षं त्याने मला वापरलं. मोडायच्या आधी एकदा मला त्याला वापरू दे."

 मी बसले. भाऊकाका न्हाणीघराकडे जाताना मला पडवीत बघून थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की राजधानी परत आली असावी. "अक्कल आली म्हणायची," ते भिंतीला म्हणाले. मी दात आवळले. चळवळीसाठी लोक लाठ्या खातात. मी काकांची शाबासकी खाल्ली, ती जास्त लागली.

सुरुवातीचे दिवस पुरुषांनी मजेत काढले. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी कचोरी, रात्री पुन्हा कचोरी. नाना कोपऱ्यावरच्या दुकानातून आमच्यासाठी दोन पुड्या आणून पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि शिवाशिव नको म्हणून काठीने पुढे ढकलायचे. गल्लीतला हलवाई विचारायला लागला, "क्या भिया, घर में शादी है क्या?" मग पोटं बिघडली. मग आजोबांची तिथी आली. गुरुजींनी उपाय सुचवला, "शास्त्रात सोय आहे भाऊसाहेब. अडचण असली तर कच्चा शिधा द्यावा."

"दरबारच्या माणसाला कच्चा शिधा?" काका कडाडले. "माझ्या बापाला उभ्या जन्मात कुणी कोरडं वाढलं नाही!"

"मग अडचण निवारल्यावर करा. नाहीतर सर्वपित्री अमावस्या आहेच."

पाचवा दिवस आला. काका पडवीच्या दाराशी पाठ करून उभे राहिले आणि आकाशाला म्हणाले, "झालं का?"

"अजून नाही," काकू म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी हाच संवाद. काका पंचांग काढून बसायचे, बोटं मोजायचे, काहीतरी पुटपुटायचे. विचारावं कुणाला? गुरुजींना कसं विचारणार, वैद्याला काय म्हणून सांगणार? एकदा त्यांनी नानांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "इतके दिवस असतं का रे?" नाना विधुर माणूस, कानापर्यंत लाल होऊन मिलमध्ये पळाले, भोंगा व्हायच्या कितीतरी आधी. शेवटी काका पायी खजरान्याला गेले आणि गणपतीपुढे नवस बोलून आले की घरातली अडचण जाऊ दे, लाडू वाहीन. एकदा मात्र त्यांनी धीर करून आकाशाला विचारलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" काकू शांतपणे म्हणाली, "बाजूला बसा म्हणतात. धूर गेला की बरं होईल." तिने तेव्हाही खोटं सांगितलं नाही. काकांना पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरं ऐकायला अमावस्या यावी लागली.

सर्वपित्रीला आभाळ गळत होतं आणि लाकडं विहिरीतून काढावीत तशी ओली. पहाटे काकांनी रेशमी मुकटा नेसला, उघड्या अंगाने स्वयंपाकघरात शिरले आणि नानांना फुंकणी दिली. आम्ही पडवीतल्या खिडकीला डोळे लावून बसलो. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, कारलं, सगळं व्हायचं होतं. नानांनी फुंकणीत जोर लावला, मग श्वास घ्यायला तोंड काढायचं विसरले आणि राखेसकट आत ओढलं. खोकत खोकत त्यांनी पाण्याच्या घंगाळाचा आश्रय घेतला. काका वाकले, स्वतः फुंकायला लागले, आणि पुढचं मला दिसलं नाही, कारण कुणालाच काही दिसेना. धूर उठला, वाशांना धडकला, खाली आला आणि दोन्ही भावांना गिळून बसला. आतून फक्त आवाज. "मीठ कुठंय?" "भाऊ, तू माझ्या पायावर उभा आहेस." "खीर ढवळ!" "खीर कुठली आणि कढी कुठली?" "अरे, चाखून बघ!" "नैवेद्य आहे, चाखतात का मूर्खा!"

मी तोंडात पदर कोंबून हसत होते. बघते तर काकू हसत नव्हती. इतके दिवस धुराबाहेर राहून तिचे डोळे निवळले होते, पांढऱ्याला पांढरं म्हणावं इतके. ती खिडकीच्या गजांना धरून आत बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचं घर जळतंय.

"मंदे," ती म्हणाली, "एवढा असतो?"

"काय?"

"धूर. मी आत असते, मला कधी दिसलाच नाही. यात मी बसते?"

मी हसायचं थांबवलं. तेवढ्यात गुरुजी आले, डोळे मिचकावत उंबऱ्यावर उभे राहिले. "यजमान, आहात कुठे?" "इथेच!" धुरातून काका ओरडले. गुरुजींनी नाकाला उपरणं लावलं. "भाऊसाहेब, अहो, पितर आले तरी त्यांना पान दिसायला नको का?"

आणि भाऊकाकांचा तोल गेला. त्यांनी कोपऱ्यातला आकडा लावलेला बांबू उचलला, जो काकू वरचं शिंकं काढायला वापरायची, आणि छपराला खालून असा ठोसा दिला की एक कौल बाहेर फेकलं गेलं. दुसरा ठोसा, दुसरं कौल. नव्या राज्यावरचा, भोपाळवरचा, कढीवरचा, कचोरीवरचा सगळा राग त्या बांबूत उतरला. छपराला ताटाएवढं भोक पडलं. धूर क्षणभर घुटमळला आणि मग रांगेत लागल्यासारखा वर निघाला. वरून पाऊस थेट काकांच्या टकलावर पडायला लागला. ते हात वर करून तसेच उभे राहिले, रेशमी मुकट्यात, लाल डोळ्यांनी, आणि म्हणाले, "जातोय! अरे नाना, धूर जातोय!" जणू हा शोध पृथ्वीवर पहिल्यांदाच लागला.

श्राद्ध झालं. खीर थोडी खारट होती आणि वडे थोडे काळे. गुरुजींनी पितर तृप्त झाल्याचं सांगितलं, स्वतः मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. संध्याकाळी काका पडवीच्या दाराशी आले. पाठ केली नाही. डोळे पुसत म्हणाले, "अंबू, रोज असंच असतं?"

"पावसाळ्यात जास्त," काकू म्हणाली.

त्यांनी एकदा छपराकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "ते तुझं नळकांडं. भोक तर झालंच आहे."

बिनधुराची चूल मी आणि काकूने मिळून घातली, मंडळाच्या बाईंनी शिकवलेल्या बेताने, काळी माती आणि भुसा मळून. नळकांडं बसलं, चूल पेटली, आणि छपरावरून धुराची एक बारीक रेघ वर गेली त्या दिवशी काकूने डोक्यावरून पाणी घेतलं आणि ती उठली. काकांनी खजरान्याला लाडू वाहिले. त्यांची खात्री होती की अडचण गणपतीने निवारली, आणि आम्ही दोघींनी ती खात्री मोडली नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं ठरलं, गेलेलं काही परत आलं नाही. पण उरलेलं टिकलं. काकू शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता चालली आणि माझ्या लेकीच्या टोपड्याला तिने स्वतः झालर लावली, थोडी तिरकी.

खरा विनोद पुढेच आहे. महिनाभरात भाऊकाका गल्लीतले बिनधुराच्या चुलीचे पुढारी झाले. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "भिया, धुवां म्हणजे जहर आहे जहर! मी भोगलंय!" महिला मंडळाने याच विषयावर सभा घेतली आणि अध्यक्ष म्हणून, ऐका, भाऊकाकांना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या यातनांवर इतका वेळ भाषण केलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. एका सकाळच्या यातना! मागच्या रांगेत काकू बसली होती, तीस वर्षं फुंकणी फुंकलेली, आणि तिला व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही. मी रागाने उठणार, तर तिने माझा पदर धरून खाली बसवलं. "बोलू दे गं त्यांना. घरोघरी पुरुषच छपरावर चढणार आहेत. आपलं ऐकून कोण चढलं असतं?" ती हसत होती. मी आजही हसू शकत नाही. स्वतःचे डोळे झोंबल्याशिवाय ज्याला दुसऱ्याचे दिसत नाहीत, त्याला अध्यक्ष करणारी सभा मला मान्य नाही. पत्रकात घातलं असतं, पण कागद महाग होता.

हे मी आज इंदूरच्याच सुदामा नगरात बसून लिहितेय. इथे माझ्या स्वयंपाकघरात निळी ज्योत आहे, पंखा आहे, भिंती पांढऱ्या आहेत. आणि रोज सकाळी भांडी घासायला येते ती रामकन्या, तिचे डोळे लाल असतात. मी तो लाल रंग ओळखते. तिच्या घरी सिलिंडर आहे. सरकारी योजनेतून मिळाला, त्याला तिने हळदकुंकू लावलंय, वर विणलेला रुमाल घातलाय, आणि पाहुणे आले की तो पेटतो. एरवी लाकडं. का, तर भरून आणायला परवडत नाही. नवऱ्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल रोज परवडतं. मी तिला अंबूकाकूची युक्ती सांगितली. ती भांडी बाजूला ठेवून पोट धरून हसली. "माताजी, हमारे यहाँ बाजूला बैठो तो भी रोटी अपन को ही बनानी पड़ती है. कौनसे पितर, कौनसा सोवळा!"

तर आता तुमच्याकडे वळते. तिच्याकडे तो कोपरा नाही आणि माझ्याकडे दुसरी युक्ती नाही, म्हणून सरळ मागते. तुमच्या घरी जी बाई कामाला येते, तिला उद्या नाही, आज विचारा की सकाळचा स्वयंपाक कशावर केलास. 'लकड़ी पे' म्हणाली तर हळहळू नका, मला पत्र लिहू नका, गोष्ट आवडली असं कुणाला सांगू नका. तिच्या नावावर सिलिंडरचा नंबर लावा आणि पैसे तुम्ही भरा, या महिन्यात आणि पुढच्याही. फोन हातात आहेच तुमच्या. लावा.